दीड तास पाण्यात, पाच तास चालू : डाइव्ह कॉम्प्युटरच्या बॅटरीचा माझा हिशोब

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. अंदमानातील स्वराजद्वीपच्या समुद्रात मी १६ मीटर खोलीवर होते. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर सिलिंडरमधील हवेचा दाब जिथे दिसतो, तिथे आकड्यांऐवजी अचानक नुसत्या आडव्या रेघा दिसू लागल्या. नीट दिसावे म्हणून मी दिव्याचे बटण दाबले, तर पूर्ण पडदाच काळा झाला आणि दोन-तीन सेकंदांनी कॉम्प्युटर नव्याने सुरू झाल्यासारखा पुन्हा उजळला. माझ्या रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणाला, काट्याचा साधा दाबमापकही जोडलेला होता आणि तो ११० बार दाखवत होता, त्यामुळे हवेची चिंता नव्हती. पण किती वेळ खाली आहे आणि अजून किती थांबता येईल, हे सांगणारे यंत्रच बेभरवशाचे झाल्यावर छातीत जे धडधडले ते अजून आठवते. मी सोबत्याला वर जाण्याची खूण केली. डाइव्ह मास्टरच्या, म्हणजे सोबतच्या मार्गदर्शकाच्या, घड्याळावर वेळ पाहत, शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून आम्ही ५ मीटरवर तीन मिनिटे थांबलो आणि वर आलो. आठ डाइव्हची माझी सहल तिथेच संपली.

मी नाशिकची, एका सहकारी पतसंस्थेत हिशोबाचे काम करते. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला हे यंत्र बिघडले तर दाखवायचे कुठे, विचारायचे कोणाला, हेच कळत नाही. पुढचे दोन महिने मी या एका प्रश्नामागे होते. ज्यांच्याकडे असा बिनतारी कॉम्प्युटर आहे, किंवा जे घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

आधी यंत्राबद्दल थोडे. यात दोन भाग असतात आणि दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या असतात. एक म्हणजे मनगटावरचा कॉम्प्युटर. माझ्या कॉम्प्युटरमध्ये सीआर२४५० हे नाण्यासारखे सेल बसते. दुसरा म्हणजे रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावर (सिलिंडरला जोडल्या जाणाऱ्या भागावर), उच्च दाबाच्या छिद्रात आट्यांनी बसणारा अंगठ्याएवढा ट्रान्समीटर. त्यात सीआर२ हे छोटे दंडगोल सेल असते. ट्रान्समीटर सिलिंडरमधला दाब मोजतो आणि दर काही सेकंदांनी तो आकडा मनगटाकडे पाठवतो. ब्लूटूथच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात, म्हणून इथे फार कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात आणि त्यांचा पल्ला साधारण हातभरच असतो. ट्रान्समीटर बोलत राहतो आणि कॉम्प्युटरला सतत कान देऊन ऐकत राहावे लागते. ऐकण्यालाही वीज लागते, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती.

दोन्ही वस्तू मी जानेवारी २०२३ मध्ये मुंबईहून घेतल्या होत्या, मिळून ६२ हजार रुपयांना. कॉम्प्युटरचे सेल डिसेंबर २०२३ मध्ये एकदा बदलून घेतले होते. ट्रान्समीटरचे पहिलेच होते. पुस्तिकेत कॉम्प्युटरसाठी एक वर्ष किंवा १०० डाइव्ह, जे आधी होईल ते, असे लिहिले होते. माझ्या ३४ डाइव्ह झाल्या होत्या. त्यामुळे बॅटरी संपली असेल हे मनाला पटतच नव्हते.

शिवाय एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. ८ तारखेच्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर बॅटरीची खूण लुकलुकली होती. सकाळी पाहिले तर ती गेलेली. मला वाटले, ओल किंवा मीठ असेल काहीतरी, आता ठीक झाले. या गैरसमजाचा उलगडा पुढे येईलच.

१२ फेब्रुवारीला नाशिकला परतले आणि १३ तारखेला विक्रेत्याला ईमेल केला. माझा सगळा संशय ट्रान्समीटरवर होता, कारण गायब झाला तो दाबाचा आकडा. उत्तर यायला ११ दिवस लागले. उत्तरात तीन गोष्टी होत्या : दोन वर्षांची वॉरंटी जानेवारीत संपली आहे, बॅटरी वॉरंटीत तशीही येत नाही, दोन्ही उपकरणे दुसऱ्या राज्यातील सेवा केंद्राकडे तपासणीसाठी पाठवावीत. वॉरंटी संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते. वाईट वाटले, पण वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते.

२८ फेब्रुवारीला पार्सल घेऊन कुरिअरच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या मुलाने विचारले, ‘‘ताई, आत बॅटरी आहे का?’’ मी हो म्हटले. ‘‘मग विमानाने नाही जाणार. बॅटरी काढून आणा, आणि आत बॅटरी नाही असं लिहून द्या.’’ त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. लिथियम बॅटऱ्या हवाई वाहतुकीत धोकादायक मालात मोडतात. घरी येऊन पुस्तिका समोर ठेवून दोन्ही झाकणे उघडली, सेल काढली, प्रत्येकाच्या टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या पाकिटात ठेवली. (सेल काढताना एक काळजी घ्यावी : अनेक कॉम्प्युटरमध्ये सेल निघाले की शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा चालू हिशोब पुसला जातो. म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर किमान २४ तास उलटल्याशिवाय सेलला हात लावू नये. माझे दोन आठवड्यांहून अधिक दिवस झाले होते.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कोऱ्या कागदावर निवेदन दिले : वस्तूचे नाव, अनुक्रमांक, आत बॅटरी नाही, दुरुस्तीसाठी पाठवत आहे, विक्रीसाठी नाही. सोबत खरेदीच्या बिलाची आणि आधार कार्डाची प्रत. जमिनीवरून पाठवण्याचे ३८० रुपये झाले. अनुक्रमांकांचे फोटो काढून ठेवले होते, ते पुढे दोनदा मागितले गेले. पार्सल ८ मार्चला पोहोचले.

यंत्रे तिकडे आणि काढलेली दोन सेल माझ्याकडे, अशी स्थिती होती. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे काका अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. मी पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मल्टिमीटर लावला. नाण्यासारखे सेल : २.९१ व्होल्ट. मी म्हटले, ‘‘काका, तीन व्होल्टचं सेल आहे, म्हणजे जवळजवळ भरलेलंच की.’’ ते म्हणाले, ‘‘अगं, बसलेल्या माणसाची ताकद बघतेस तू. त्याला जिना चढायला लाव, मग बघू.’’

त्यांनी खणातून १०० ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा भाग, काढला आणि सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून धरला. आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरला : २.९१, २.४, २.१, आणि पाच सेकंदांत १.९. रेझिस्टर काढला. आकडा सावकाश वर चढू लागला आणि मिनिटभरात पुन्हा २.८५ वर येऊन थांबला. दुकानातून आणलेल्या नव्या सेलवर तेच केले, तर ३.२४ वरून ते २.८ च्या खाली गेले नाही.

मग त्यांनी समजावून सांगितले. या जातीचे सेल, म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचे, आपले व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट राखते आणि शेवटी एकदम कोसळते. त्यामुळे नुसते व्होल्टेज पाहून किती शिल्लक आहे ते कळत नाही. सेल जुने होईल तसा त्याचा आतला रोध वाढतो. थोडा प्रवाह मागितला तर ते देते, जास्त मागितला की गुडघे टेकते. कॉम्प्युटर मनगटावर नुसता वेळ दाखवत असतो तेव्हा मागणी अगदी कमी. पाण्याखाली ट्रान्समीटरचे ऐकणे सुरू झाले की जास्त. त्यात मी दिवा लावला की सर्वाधिक. ८ तारखेच्या रात्री सेलला विश्रांती मिळाली, व्होल्टेज सावरले, म्हणून सकाळी खूण दिसली नाही. बॅटरीची खूण एकदा दिसली की ती आपोआप गेली तरी सेल बदलावे, हा धडा मी त्या दिवशी घेतला. थंडीत आतला रोध आणखी वाढतो, त्यामुळे थंड पाण्यात जाणाऱ्यांनी तर मुळीच वाट पाहू नये.

ट्रान्समीटरचे सीआर२ सेलही काकांनी तसेच तपासले. २.९८ वरून २.९१. ते ठणठणीत होते. मी महिनाभर ज्याच्यावर आरोप करत होते तो ट्रान्समीटर निर्दोष होता. तो बोलत होता, पण ऐकणाऱ्यात त्राण उरले नव्हते. (रेघा दिसण्याची इतर कारणेही असतात. हात लांब गेला, मनगट सिलिंडरच्या विरुद्ध बाजूला असले किंवा शेजारी कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, तरी संदेश तुटतो. पण तो थोड्या वेळात परत येतो.)

सेवा केंद्राचे उत्तर २७ मार्चला आले. दोन्ही उपकरणांत दोष नाही. नवीन सेल, नवीन ओ-रिंगा (झाकणातून पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी) आणि दाबाखालची गळती तपासणी, मिळून ३,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. परतीचे कुरिअर ४०० रुपये. ७ एप्रिलला पार्सल हातात आले. बिघाड नसताना एवढा खर्च झाला असे कोणाला वाटेल, पण गळती तपासणीचे पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. घरी पाण्याच्या ग्लासात यंत्र बुडवून बुडबुडे आले नाहीत, एवढ्यावरून १८ मीटरवर काय होईल ते सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्न उरला होता. १०० डाइव्ह चालणारे सेल ३४ मध्ये का संपले? चौदा महिने झाले होते हे खरे, पण पडून राहिल्याने अशा सेलची झीज वर्षाला साधारण एक टक्काच होते. मग वीज गेली कुठे?

पुस्तिकेत एक ओळ होती, जी मी दोन वर्षांत वाचली नव्हती. कॉम्प्युटरच्या कडेला दोन धातूचे ठिपके असतात. पाण्याने ते एकमेकांना जोडले गेले की यंत्र जागे होते आणि ओले असेपर्यंत जागे राहते. १२ एप्रिलला, शनिवारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी याची परीक्षा घेतली. स्टीलच्या वाटीत नळाचे, म्हणजे आपल्या गंगापूर धरणाचे, गोडे पाणी घेतले. कॉम्प्युटर बुडवताच पडदा जागा झाला. बाहेर काढून सुती कपड्याने ठिपके कोरडे पुसले, तर काही मिनिटांत झोपला. दुसऱ्यांदा पाण्यात चमचाभर मीठ घातले, बुडवून काढले आणि न पुसता ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवला. रात्री नऊला जागा होता. सकाळी सहाला नॅपकिन उघडला, तेव्हाही पडदा तसाच जागा. मिठाचा पातळ थर हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे वरून कोरडा दिसला तरी जोड टिकून राहत असणार.

मला अंदमानातील चार दिवस आठवले. दुपारी परतल्यावर सगळे सामान गोड्या पाण्याच्या टबात तास-दोन तास पडून राहायचे आणि मग तसेच ओले जाळीच्या पिशवीत जायचे. चार दिवसांत मी पाण्याखाली होते जेमतेम सहा तास, आणि कॉम्प्युटर बहुधा रात्रंदिवस जागा होता. मीठ धुतलेच पाहिजे, पण धुणे आणि भिजत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मी तो गोड्या पाण्यात मिनिटभर बुडवून बटणे दाबते, लगेच पुसते आणि पिशवीत न टाकता खिडकीजवळ, पण उन्हापासून दूर ठेवते.

ट्रान्समीटरला ओले ठिपके नसतात; तो सिलिंडरच्या दाबाने जागा होतो आणि दाब गेला की झोपतो. त्याचा हिशोब घरी करता येणार नव्हता. २६ आणि २७ एप्रिलला तारकर्लीला गेले, ते वही घेऊनच. सकाळी साडेसातला बोटीवरच्या मुलांनी सिलिंडर जोडून, व्हॉल्व्ह उघडून दाब तपासला आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. नऊनंतर पहिली डाइव्ह, मग वर विश्रांती, सिलिंडर बदलले, पुन्हा व्हॉल्व्ह उघडा, दुसरी डाइव्ह, किनाऱ्यावर आल्यावर सामान उतरवणे. सिलिंडर बदलतानाची पाच मिनिटे सोडली तर साडेबाराला बंद होईपर्यंत ट्रान्समीटर अखंड बोलत होता. पाण्याखाली ४५ मिनिटांच्या दोन डाइव्ह, म्हणजे दीड तास. चालू मात्र पाच तास. माझ्या ट्रान्समीटरच्या पुस्तिकेत सेलचे आयुष्य ३०० तास दिले आहे. त्याला ४५ मिनिटांनी भागले तर ४०० डाइव्ह होतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात तोच आकडा बसतो. प्रत्यक्षात प्रत्येक डाइव्हमागे अडीच तास जात होते, म्हणजे १२० डाइव्ह. पुस्तिकेतला आकडा खोटा नाही. त्यातले तास कुठे मोजायचे ते आपल्याला समजून घ्यावे लागते.

नवी सेल घेताना आलेल्या अडचणीही सांगते. महात्मा गांधी रोडवर एका दुकानदाराने सीआर२४५० नाही म्हणून सीआर२४३० पुढे केले, ‘‘बसेल, व्यास तोच आहे.’’ व्यास खरोखरच तोच, साडेचोवीस मिलिमीटर. पण शेवटचे दोन आकडे जाडीचे असतात. ५० म्हणजे ५ मिलिमीटर, ३० म्हणजे ३. दोन मिलिमीटर कमी जाड सेलची पकड ढिली राहते आणि क्षमताही निम्म्याहून कमी असते : सीआर२४५० मध्ये साधारण ६०० मिलिअँपिअर-तास, सीआर२४३० मध्ये तीनशेच्याही आत. दुसऱ्या ठिकाणी सीआर२ च्या आकाराचे, पण पुन्हा चार्ज होणारे सेल मिळत होते. तेही घेऊ नये. पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांचे व्होल्टेज तीनपेक्षा बरेच जास्त असू शकते आणि ट्रान्समीटर त्यासाठी बनवलेला नसतो. शेवटी नावाजलेल्या बनावटीची, पुढची तारीख छापलेली सेल मला १८० आणि ३२० रुपयांना मिळाली.

ऑगस्टमध्ये, समुद्र बंद असताना, मी पहिल्यांदा स्वतः सेल बदलून सराव केला. झाकण नाण्याने फिरवून उघडले, ओ-रिंग बोटाने काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली, तर तिच्यावर एक केस आडवा पडलेला होता, माझाच, इतका बारीक की तिरपा प्रकाश पडला म्हणूनच दिसला. तो तसाच राहिला असता तर त्याच्या कडेने पाणी आत शिरले असते. तेव्हापासून हे काम मी केस बांधून, पांढऱ्या कागदावर आणि पंखा बंद करून करते. ग्रीस पुस्तिकेत सांगितलेलेच लावावे, कारण ओ-रिंगचा रबर कोणता आहे त्यावर ते अवलंबून असते. आणि लावायचे तेही चमक येण्यापुरतेच. ट्रान्समीटर रेग्युलेटरवर बसवताना किंवा काढताना त्याच्या प्लास्टिकच्या अंगाला पिळू नये, तळाशी असलेल्या धातूच्या षटकोनाला पाना लावावा. जुनी सेल टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी जमा केली; ती घंटागाडीत इतर कचऱ्यात मिसळून देऊ नयेत.

ज्यांचा कॉम्प्युटर रंगीत पडद्याचा आणि चार्जिंगचा आहे, त्यांचा हिशोब निराळा. माझ्या मैत्रिणीचा तसा आहे. तो ती रोज रात्री चार्ज करते, पडद्याची चमक मध्यम ठेवते आणि पावसाळ्यात अर्धा चार्ज करून ठेवते, कारण पूर्ण रिकामी ठेवली तर लिथियम-आयन बॅटरी खराब होते. ट्रान्समीटर न लावता डाइव्ह करायची असेल तेव्हा दाब ऐकण्याची सोय बंद करावी, हे मात्र दोघींनाही लागू पडते. विमानाने जाताना सुटी सेल हातातल्या पिशवीत न्यावी लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. प्रत्येक सेल मूळ वेष्टनात किंवा टोके झाकून असावे.

नोव्हेंबरच्या २२ आणि २३ तारखेला पुन्हा तारकर्लीला गेले. बोटीवरच्या मुलाला मी आधीच विनंती केली की दाब तपासून झाला की व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटरमधली हवा सोडून द्यायची, आणि पाण्यात उतरण्यापूर्वीच पुन्हा उघडायचा. यात एक धोका आहे आणि तो मी हलका मानत नाही : बंद केलेला व्हॉल्व्ह उघडायचा राहिला तर काय होईल, हे प्रत्येक डाइव्हरला माहीत आहे. बॅटरीचे दोन तास वाचवण्यापेक्षा ते फार मोठे आहे. म्हणून मी माझ्या हाताने व्हॉल्व्ह उघडते, काट्याच्या दाबमापकाकडे पाहत रेग्युलेटरमधून चार पूर्ण श्वास घेते, काटा हलत नाही याची खात्री करते, सोबत्याला दाखवते आणि मगच उडी मारते. ज्यांना हा क्रम न चुकता पाळणे जमणार नाही, त्यांनी व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा आणि सेल लवकर बदलावे.

त्या दोन दिवसांत ट्रान्समीटर रोज दोन तास दहा मिनिटे चालू होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट किनाऱ्याला लागायच्या आत मी वही काढली, तर मी काही विचारण्याआधीच तो मुलगा मागून म्हणाला, ‘‘ताई, वाल बंद केलंय. काटो शून्यार इलो.’’